आयनांची सावड

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती आला की शेतकऱ्याची नजर आधी दोन आकड्यांवर जाते. सामू किती आणि क्षारता किती. ते दोन वाचले की कागदाची घडी होते आणि तो खिशात जातो. त्याखालच्या ओळी सहसा न वाचता राहतात. कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ३, सोडियम ८, बायकार्बोनेट ८, क्लोराइड ४, सल्फेट २ असं काहीसं तिथे छापलेलं असतं आणि एकक असतं मिली इक्विव्हॅलंट प्रति लिटर. (हे आकडे कुण्या एका विहिरीचे नाहीत, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत.) ग्रॅम कळतो, लिटर कळतो, टक्का कळतो. हे इक्विव्हॅलंट काय, ते फारसं कुणी सांगत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत वर ठिबकची नळी आणि खाली चुनखडीची काळी जमीन आहे. तिथे ही खालची ओळच सगळ्यात उपयोगाची आहे.

रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला सममूल्य म्हणतात. शब्द जड वाटतो, पण कल्पना गावात जुनीच आहे. तिचं नाव सावड, कुठे वारंगुळा. खुरपणीला आज शेजारी आपल्याकडे आला तर उद्या आपण त्याच्याकडे जायचं, दिवसाला दिवस. आलेला माणूस पन्नास किलोचा होता की नव्वद किलोचा, हे सावडीत कुणी विचारत नाही. कुणी बैलजोडी घेऊन आला तर मात्र त्याचा दिवस जास्त धरतात, कारण त्याने काम जास्त ओढलेलं असतं. आयनांचा व्यवहार असाच चालतो. सोडियमच्या आयनावर एक धन भार असतो, म्हणजे त्याला एकच हात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला दोन हात. क्लोराइड आणि बायकार्बोनेटला एक, सल्फेटला दोन. पाण्यात, मातीत आणि चंचुपात्रात देवाणघेवाण हाताला हात अशी होते. वजनाशी तिला देणंघेणं नाही.

एका हाताच्या वाट्याला किती वजन येतं, तेवढंच काढायचं. कॅल्शियमचा अणुभार ४०, हात दोन, म्हणून सममूल्यभार २०. मॅग्नेशियमचा २४ भागिले २, म्हणजे १२. सोडियमचा २३ तसाच राहतो. बायकार्बोनेटचा ६१, क्लोराइडचा ३५.५, सल्फेटचा ९६ भागिले २ म्हणजे ४८. ग्रॅममध्ये मोजलं तर एक इक्विव्हॅलंट, मिलिग्रॅममध्ये मोजलं तर मिली इक्विव्हॅलंट.

आता वरचा अहवाल वजनात मांडून पाहू. त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम ६० मिलिग्रॅम आहे आणि मॅग्नेशियम ३६. वजनाने पाहिलं तर कॅल्शियम जवळजवळ दुप्पट दिसतं. हातांनी मोजलं तर दोघं बरोबरीचे, तीन-तीन. सोडियम १८४ मिलिग्रॅम म्हणजे ८. धन आयनांची बेरीज १४. समोर ४८८ मिलिग्रॅम बायकार्बोनेटचे ८, १४२ मिलिग्रॅम क्लोराइडचे ४, ९६ मिलिग्रॅम सल्फेटचे २, बेरीज पुन्हा १४. वजनांच्या बेरजा २८० आणि ७२६ अशा कुठल्या कुठे जातात, हातांच्या बेरजा मात्र जुळतात. त्या जुळायलाच हव्यात, कारण पाण्यावर स्वतःचा विद्युत भार नसतो. अहवालातल्या दोन बाजू फार लांब पडल्या तर मोजणीत कुठेतरी चूक आहे किंवा एखादा आयन मोजायचा राहिला आहे, हे घरबसल्या कळतं. आणखी एक ताळा असा, की डेसिसायमनमधली क्षारता १० ने गुणली की धन आयनांच्या बेरजेच्या आसपासचा आकडा येतो. आपल्या पाण्याची क्षारता १.४ धरली, तर १.४ गुणिले १०, म्हणजे १४.

या भागाला हा हिशेब नवा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम हाती घेतलं गेलं आणि १८८० च्या दशकात त्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या रानात फिरलं. ऊस उभा राहिला. त्याबरोबर भूजलही वर चढलं. मुरुमातले आणि काळ्या मातीतले क्षार त्याच्यासोबत वर आले, पाणी उडून गेलं आणि पांढरा थर मागे राहिला. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पुढे १९१६ मध्ये इलाख्याच्या सरकारने सिंचनाची पद्धत सुधारण्यासाठी एक छोटा कक्ष उघडला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. आज बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, माती-पाणी तपासण्याची सोय आहे. शंभर वर्षांत उपकरणं बदलली, पण जमीन खराब होण्यामागचं रसायन तेच राहिलं.

ते रसायन नीट पाहण्यासारखं आहे. पाणी शेतात पसरलं, ऊन लागलं, पाणी आटू लागलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटचा हात धरतात आणि चुन्याच्या रूपाने खाली बसतात. चहाच्या पातेल्याच्या बुडाला आणि ड्रिपरच्या तोंडाला दिसतो तोच पांढरा थर. आपल्या अहवालात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे मिळून ६ हात होते, बायकार्बोनेटचे ८. सहा जोड्या बसल्या. बायकार्बोनेटचे दोन हात रिकामे उरले आणि शिल्लक राहिलेला धन आयन एकच, सोडियम. ही शिल्लक म्हणजे अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, अहवालातलं 'आरएससी'. सव्वाच्या आत असेल तर पाणी चांगलं, सव्वा ते अडीचपर्यंत जपून वापरायचं, अडीचच्या वर सिंचनाला अयोग्य, अशी ढोबळ मर्यादा सगळीकडे मानली जाते. आपलं पाणी २ वर आहे.

दोन हा आकडा किरकोळ वाटेल. सोडियम आणि बायकार्बोनेट यांची जोडी म्हणजे घरातला खाण्याचा सोडा आणि त्याचा सममूल्यभार ८४. दोन हात म्हणजे लिटरला १६८ मिलिग्रॅम. एका एकरावर पाच सेंटीमीटर पाण्याची एक पाळी दिली तर साधारण दोन लाख लिटर पाणी लागतं. एका पाळीत, एका एकरात, सुमारे ३४ किलो खाण्याचा सोडा. ऊस वर्षभरात अशा कितीतरी पाळ्या पितो. सोडियमला एकच हात असल्याने तो चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवू शकत नाही. कण सुटे होतात, फुगतात, छिद्रं बुजतात. पाऊस पडला की चिखल, उघडीप मिळाली की दगडासारखी ढेकळं. शेतकरी तिला चोपण जमीन म्हणतात. वर नुसता पांढरा क्षार फुललेली खारवट जमीन वेगळी आणि ही वेगळी. खारवट जमीन चर काढून गोड्या पाण्याने धुता येते. चोपण जमीन नुसती धुतली तर आणखी आवळते.

इथे मराठीतल्या एका शब्दाबद्दल सांगायलाच हवं. शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारं मीठ. आयुर्वेदात क्षार म्हणजे यवक्षार, सज्जीक्षार यांसारखा दाहक अल्क. बांधावर क्षार म्हणजे जमिनीवर दिसणारं काहीही पांढरं. तीन अर्थ एका शब्दात राहतात आणि खारवट-चोपणचा गोंधळ बराचसा तिथून सुरू होतो. शेतकऱ्यांचे स्वतःचे दोन शब्द याबाबतीत पुस्तकापेक्षा काटेकोर आहेत.

चोपण जमिनीवरचा उपाय जिप्सम, हे सर्वांना ठाऊक असतं. किती, याचं उत्तर पुन्हा हातांनीच मिळतं. जिप्समचा रेणुभार १७२, त्यातल्या कॅल्शियमचे हात दोन, म्हणून सममूल्यभार ८६. जमिनीच्या अहवालात विनिमयक्षम सोडियम शंभर ग्रॅम मातीमागे मिली इक्विव्हॅलंटमध्ये देतात. नव्या अहवालात सेंटीमोल प्रति किलो लिहिलेलं असलं तरी आकडा तोच. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर साधारण २२ लाख ४० हजार किलो भरतो. त्यातला एक मिली इक्विव्हॅलंट सोडियम हटवायला शुद्ध जिप्सम लागतं १.९ टन, म्हणजे एकराला पावणेआठशे किलोच्या आसपास. बाजारातलं जिप्सम पूर्ण शुद्ध नसतं, तेव्हा गोणीवरच्या शुद्धतेच्या टक्क्याने भागून वजन वाढवावं लागतं.

चुनखडी असलेल्या जमिनीत गंधकही चालतं आणि तिथे हाताचा हिशेब डोळ्यांत भरतो. गंधकाचा अणुभार ३२. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, त्या आम्लाचे हात दोन, म्हणून गंधकाचा सममूल्यभार फक्त १६. सोळा किलो गंधक छ्याऐंशी किलो जिप्समचं काम करतं. आम्ल चुनखडी विरघळवतं, कॅल्शियम मोकळं होतं आणि ते सोडियमला कणांवरून उठवतं. मात्र जिवाणूंना ओल, ऊब आणि काही आठवड्यांचा वेळ लागतो, आणि जमिनीत चुना नसेल तर हा मार्ग बंद. जिप्सम लगेच कामाला लागतं, पण लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. दोन्हींमध्ये उठलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला चर हवाच. चर नसेल तर तो त्याच रानात फिरत राहतो.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत हाच प्रश्न ठिबकच्या नळीत भेटतो. ड्रिपर चोक होतात, लॅटरलच्या टोकाची झाडं सुकतात आणि मग आम्लाचं कॅन येतं. आम्ल किती घालायचं, हे सामू पाहून ठरवण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती फसवी आहे. सामू फक्त आत्ताची स्थिती सांगतो, सामना किती आहे ते सांगत नाही. दोन बोअरचं पाणी ८.२ सामूचं असू शकतं. एकात बायकार्बोनेट ३, दुसऱ्यात ८. दुसऱ्याला आम्ल जवळपास पावणेतीन पट लागणार. सामू ४ पर्यंत उतरवायचा तर आधी सगळ्या बायकार्बोनेटचे हात भरावे लागतात. ते भरेपर्यंत सामू कुरकुरत हलतो आणि भरल्यावर एकदम कोसळतो.

आपल्या पाण्याच्या हजार लिटरमध्ये बायकार्बोनेटचे ८ इक्विव्हॅलंट आहेत. समोर आम्लाचं कॅन आहे, त्यावर लिहिलंय हायड्रोक्लोरिक आम्ल ३३ टक्के. टक्का वजनाचा असतो, आपण मात्र मापाने ओततो. इथे बहुतेक चुका होतात. या आम्लाचं एक लिटर १.१६ किलो भरतं, त्यात शुद्ध आम्ल ३८३ ग्रॅम, सममूल्यभार ३६.५, म्हणजे लिटरला साडेदहा इक्विव्हॅलंट. यालाच नॉर्मॅलिटी म्हणतात. द्रावणाच्या एका लिटरमध्ये किती इक्विव्हॅलंट, एवढाच तिचा अर्थ. आठाला साडेदहाने भागलं की आलं सुमारे ७६० मिलिलिटर. कॅन ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिक आम्लाचं असेल तर ते ३६ नॉर्मलच्या वर जातं. त्याचं लिटर १.८४ किलोचं आणि रेणूला दोन हात. तेच काम सुमारे २२० मिलिलिटरमध्ये होतं. एका कॅनचं माप दुसऱ्याला लावलं तर साडेतीन पट फरक पडतो.

फॉस्फरिक आम्लाची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याच्या रेणूत तीन हायड्रोजन आहेत, म्हणून ८५ टक्क्यांचं आम्ल कागदावर ४४ नॉर्मलचं दिसतं. पण तो रेणू तिन्ही हात सारख्या सहजतेने सोडत नाही. सामू ४ च्या आसपास फक्त पहिला हात सुटलेला असतो. दुसरा ७ च्या पुढेमागे सुटू लागतो आणि तिसरा तर पार अल्कधर्मी पाण्यात. ठिबकच्या कामापुरतं ते १४.७ नॉर्मलचंच आहे. तीन हात धरून हिशेब केला तर आम्ल एक तृतीयांशच पडेल आणि अर्धवट आम्लवलेल्या पाण्यात कॅल्शियम फॉस्फेटचा नवा गाळ बसून राहिलेले ड्रिपरही बंद होतील. सममूल्य पदार्थाच्या अंगावर कोरलेलं नसतं, ते अभिक्रियेवर ठरतं. म्हणूनच जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी हळूहळू नॉर्मॅलिटी सोडून मोलॅरिटी धरली. मोलॅरिटी रेणू मोजते, त्यात हातांचा वाद येत नाही. माती-पाण्याच्या कामात मात्र हातच मोजायचे असल्याने जुनं एकक टिकून आहे आणि ते टिकावं असंच आहे.

आकडेमोड नको असेल तर बादली आहे. दहा लिटर पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यायचं, सिरिंजने आम्ल थोडं थोडं सोडायचं, ढवळायचं, सामूचा कागद बुडवायचा आणि सामू ४ आला की थांबायचं. किती मिलिलिटर लागलं ते लिहून ठेवायचं. आपल्या पाण्याला आणि ३३ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिकला ते साडेसात मिलिलिटरच्या जवळ येईल. हे चक्क टायट्रेशन आहे. प्रयोगशाळेत पन्नास मिलिलिटर नमुना, मिथिल ऑरेंजचे थेंब आणि ब्युरेटमध्ये एक-पन्नासांश नॉर्मल आम्ल असतं, रंग पिवळ्याचा नारिंगी झाला की नळ बंद. आपल्या पाण्याला तिथे वीस मिलिलिटर लागेल. हातमोजे आणि चष्मा दोन्हीकडे सारखेच लागतात, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. सल्फ्युरिकमध्ये पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं.

या दोन तालुक्यांत टायट्रेशन रोज सगळ्यात जास्त वेळा होतं ते दुधावर. दूध नासू लागलं की जिवाणू दुग्धशर्करेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्याचा रेणुभार ९० आणि हात एक. डेअरीत एक-नवमांश नॉर्मल कॉस्टिक सोडा वापरायची एक जुनी पद्धत आहे आणि तो विचित्र अपूर्णांक मुद्दाम निवडलेला आहे. नव्वदाला नवाने भागलं की दहा. त्या द्रावणाचा एक मिलिलिटर बरोबर दहा मिलिग्रॅम लॅक्टिक आम्ल खातो. दहा मिलिलिटर दुधाला फिनॉल्फ्थॅलिनच्या फिक्या गुलाबी रंगापर्यंत दीड मिलिलिटर लागलं, तर आम्लता ०.१५ टक्के. गुणाकार नाही, भागाकार नाही, ब्युरेटवरच्या आकड्याचं दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की झालं. ज्याने हे माप ठरवलं त्याने पहाटे रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा वेळ वाचवला. ताज्या दुधातही ०.१३ ते ०.१५ टक्के आम्लता दिसते, पण ती लॅक्टिक आम्लाची नसून केसिन आणि फॉस्फेटची असते. आंबलेलं दूध झाकायला कुणी सोडा घातला तर ८४ ग्रॅम सोडा ९० ग्रॅम आम्ल गिळून टाकतो आणि टायट्रेशन फसतं. म्हणून रोझॉलिक आम्लाची वेगळी चाचणी ठेवलेली आहे. दूध गुलाबीसर लाल झालं की भेसळ उघडी पडते.

साखर कारखान्यांतही हाच तोल सांभाळतात, फक्त टनांत. भवानीनगरचा छत्रपती असो, माळेगावचा किंवा सोमेश्वरनगरचा असो, उसाचा आंबट रस पाण्यात कालवलेल्या चुन्याने आणि गंधकाच्या धुराने सातच्या आसपास आणावा लागतो. सोळा किलो गंधक जाळून निघालेल्या बत्तीस किलो वायूला अठ्ठावीस किलो कळीचा चुना पुरतो. चुना जास्त झाला तर रस काळपटतो, कमी पडला तर साखरच फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते.

हा हातांचा हिशेब पहिल्यांदा मांडला जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमिआस रिश्टर यांनी, १७९२ पासून. ठरावीक आम्लाला ठरावीक वजनाचा अल्क लागतो, आणि ही वजनं एकदा मोजली की कुठल्याही जोडीला लागू पडतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांचं लेखन किचकट होतं. १८०२ मध्ये फिशर यांनी त्यांचे आकडे एका साध्या तक्त्यात बसवले, सल्फ्युरिक आम्ल हजार धरून, आणि मगच जगाचं लक्ष गेलं. अणूला वजन असतं हे तेव्हा अजून पक्कं झालेलं नव्हतं. सावड आधी कळली, माणसं नंतर दिसली.

अहवाल खरा हवा असेल तर नमुना घेण्यातही रसायन सांभाळावं लागतं. बोअरची मोटर अर्धा तास चालू द्यायची, म्हणजे पाइपात साचलेलं शिळं पाणी निघून जातं. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, औषधाची किंवा खताची बाटली वापरायची नाही. बाटली काठोकाठ भरायची, वर हवा राहू द्यायची नाही, कारण मोकळ्या जागेत कार्बन डायऑक्साइड निसटतो, सामू चढतो आणि कॅल्शियम बाटलीच्या तळाशीच चुना होऊन बसतो. मग कागदावर कॅल्शियम ३ ऐवजी २ येतं, बायकार्बोनेटही तितकंच उतरतं आणि ड्रिपर बुजवणारा चुना कागदावर खऱ्याखुऱ्यापेक्षा कमी दिसतो. बाटलीवर गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहून ती शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायची. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा. उन्हाळ्यात पाणी खोल जातं आणि त्याच बोअरचे आकडे वेगळे येतात.